जेवणाचा अर्धा तास: पगारात धरायचा की बाहेर ठेवायचा?

पाळीपत्रक (धागाकर्ता)

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा (२०१७) मूळ रूपात सांगत होता की प्रौढ कामगाराकडून सलग ५ तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचे नाही, मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची. कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्यातले कलम ५५ हेच सांगत होते. या अर्ध्या तासाचा पगार द्यायचा की नाही, याबद्दल मात्र दोन्हीकडे एक अक्षर नाही. त्यामुळे ते ठरवतो मालक, आणि बहुतेक ठिकाणी तो वेळ कामाच्या तासांबाहेर जातो. ८ तास काम, साडेआठ तास हजेरी.

माझे मत असे की हा अर्धा तास कायद्यानेच ८ तासांच्या आत, म्हणजे पगारी धरला पाहिजे.

तीन पाळ्यांच्या कारखान्यांत हे आधीपासून चालत आले आहे. साडेआठ तासांच्या तीन पाळ्या २४ तासांत बसत नाहीत. मग एक तर ७ ते ३, ३ ते ११, ११ ते ७ अशा पाळ्या लावून जेवण आतच धरतात, नाहीतर ६.३० ते ३, ३ ते ११.३० आणि ११.३० ते ६.३० असे करून रात्रपाळी ७ तासांची ठेवतात आणि पगार ८ तासांचा देतात. त्याच गेटातून आत येणारा जनरल शिफ्टचा माणूस मात्र ८.३० ते ५ थांबतो. एकाच कंपनीत एकाचे जेवण पगारी आणि दुसऱ्याचे बिनपगारी, आणि कारण काय, तर घड्याळाचा हिशेब.

आता रक्कम पाहा. महिना १८,२०० रुपये पगार धरला, तर २६ ने भागून रोज ७०० आणि ८ ने भागून तासाला ८७.५० रुपये होतात. अर्धा तास ४३.७५ रुपयांचा. महिन्याचे १,१३७.५० रुपये, म्हणजे पगाराच्या सव्वासहा टक्के. ज्याला काउंटर सोडता येत नाही, डबा उघडा ठेवून बिले काढावी लागतात, त्याच्याकडून हे पैसे दर महिन्याला जातात. विरोधी मतेही सविस्तर मांडा.


शिफ्ट_प्लॅनर

मागणीमागची तळमळ पटते, उपाय पटत नाही. सुट्टी पगारी केली की मालकाच्या डोक्यात पहिला विचार येतो तो हा, की वेळेचे पैसे मी देतो तर वेळही माझी. मग जेवताना फोन उचल, गिऱ्हाईक आले तर उठ, आवाराबाहेर जाऊ नकोस. आज निदान बिनपगारी आहे म्हणून कामगाराला ‘ही माझी वेळ आहे’ असे म्हणता येते.

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या, त्यात रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास काम बंद या मागण्या होत्या. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा ही मागणीही होती, पण वेगळी. दुपारच्या अर्ध्या तासात यंत्र थांबावे, ही मूळ गरज. ती गरज आजही तशीच आहे आणि पैशांत तिची भरपाई होत नाही.

कारखान्यात सकाळ-दुपारच्या चहाच्या दहा-दहा मिनिटांच्या सुट्ट्या पगारीच असतात, याबद्दल कायद्यात सक्ती नसतानाही. जेवण पगारी करायची सक्ती आली की सगळ्यात आधी या वीस मिनिटांवर कात्री चालेल. उभ्याने काम करणाऱ्याला त्या दोन चहांची किंमत जास्त असते.


पाळीपत्रक

पैसे दिले की वेळ मालकाची, हे कुठून आले? साप्ताहिक सुट्टी मासिक पगारात धरलेली असते, सणाच्या सुट्ट्या भरपगारी असतात. म्हणून १ मे रोजी मालक कामाला बोलावू शकतो का? बोलावलेच तर त्याचा वेगळा हिशेब द्यावा लागतो. पगारी असणे आणि ताब्यात असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.


दुकान_हिशेब

बाजूने आणि विरोधात दोघेही एक गोष्ट सोडून बोलत आहेत. मासिक पगार ही एकच ठोक रक्कम असते. त्यातला कुठला रुपया कुठल्या अर्ध्या तासाचा, हे नेमणूकपत्रात लिहिलेले नसते. उद्या कायदा आला की ‘जेवणाची सुट्टी पगारी राहील’, तर मालक नेमणूकपत्रात एक ओळ घालेल, पगार तेवढाच, हजेरीही साडेआठ तास तशीच. कामगाराच्या हातात काहीच पडणार नाही.

मागणी करायचीच तर ‘हजेरीची एकूण वेळ ८ तास, विश्रांतीसह’ अशी करा. मग खर्च खरा होतो आणि त्याबद्दल प्रामाणिकपणे बोलता येते. सहा माणसांच्या दुकानात रोज ३ मनुष्यतास कमी होतात, २६ दिवसांत ७८. वरच्याच दराने ६,८२५ रुपये. संध्याकाळी सहा ते नऊ गर्दी असते, तेव्हा कोणी आधी गेलेले चालत नाही. म्हणजे सकाळी दुकान उशिरा उघडायचे किंवा सातवा माणूस अर्धवेळ घ्यायचा. किराणा, कापड, औषधे या धंद्यांत हा बोजा किती झेपेल हे प्रत्येक दुकानात वेगळे आहे. सरसकट कायदा करायला म्हणून माझा विरोध आहे.

आणि हेही लक्षात घ्या, २०१७ च्या कायद्याच्या सेवाशर्ती १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच लागू होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बदलांत ही संख्या २० केली. सहा माणसांच्या दुकानात या कायद्याने अर्धा तास मुळात मिळतच नाही, पगारी की बिनपगारी हा प्रश्न नंतरचा. त्या माणसांबद्दल या धाग्यात कोणी बोलणार आहे का?


पाच_तासांचा_नियम

पगाराआधी सुट्टीची वेळ बघा, कारण तिथेच सगळ्यात जास्त चूक होते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही.

५ तासांची मर्यादा कामाच्या प्रत्येक सलग टप्प्याला लागते, फक्त सकाळच्या नाही. मॉलमधली नेहमीची पाळी घ्या: १०.३० ते ८, त्यात ९ तास काम आणि अर्धा तास जेवण. सुट्टी १ ते १.३० दिली, तर सकाळचा टप्पा अडीच तासांचा आणि दुपारचा साडेसहा तासांचा. म्हणजे नियम मोडला, जरी रजिस्टरमध्ये ‘जेवण १.०० ते १.३०’ असे सुंदर अक्षरात लिहिलेले असले तरी. एकाच सुट्टीत भागवायचे तर ती २.३० ते ३.३० च्या दरम्यानच सुरू झाली पाहिजे. एवढ्या उशिरा जेवण माणसाला मानवत नाही, म्हणून खरा मार्ग दोन सुट्ट्यांचा: १ वाजता अर्धा तास आणि ५ च्या सुमारास दुसरा अर्धा तास. तेव्हा हजेरी १० तासांची होते. मूळ कायद्यात विश्रांतीसह एकूण कालावधीची मर्यादा साडेदहा तासांची होती, त्यात हे बसते.

सप्टेंबर २०२५ च्या बदलांत दुकानांसाठी रोजचे तास ९ वरून १० करायचे ठरले. ५ तासांची अट तशीच धरली आणि एकच सुट्टी ठेवली, तर ती बरोबर मध्यावर, मिनिटभरही इकडे-तिकडे न होता द्यावी लागेल. चालत्या दुकानात हे होणार नाही. दोन सुट्ट्या सक्तीच्या करणे हाच त्यावरचा सरळ इलाज, आणि मग बिनपगारी वेळ रोज एक तास होतो. त्यामुळे धागाकर्त्यांचा मुद्दा आजच्यापेक्षा उद्या जास्त वजनदार ठरेल.


शिफ्ट_प्लॅनर

वरचा हिशेब बरोबर आहे. लाइनवर तो कसा बसतो तेही सांगतो, कारण सुट्टी बुडण्याचे मूळ बहुतेक वेळा दुष्टपणात नसते, माणसांच्या संख्येत असते.

७ ते ३.३० ची पाळी. दोन्ही टप्पे ५ तासांच्या आत ठेवायचे तर सुट्टी १० ते १२ या वेळातच सुरू व्हायला हवी. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ५ तुकड्या पडतात. सुटकेला येणारा माणूस, म्हणजे रिलीव्हर, एका तुकडीत स्वतः जेवतो आणि चौघांना सोडवतो. म्हणजे न थांबणाऱ्या लाइनवर चार जागांमागे एक रिलीव्हर लागतो. सकाळी १० ला जेवायला कोणी तयार नसते. ११ च्या आधीच्या तुकड्या सोडल्या तर तीनच उरतात आणि एक रिलीव्हर दोघांनाच पुरतो. व्यवस्थापन कागदावर आठ जागांमागे एक माणूस देते. उरलेले किमान चौघे ‘आज नंतर जाऊ’ म्हणतात, आणि तो ‘नंतर’ दोन वाजेपर्यंत येत नाही.

त्यात कँटीन. साडेचारशे माणसे एकदम सुटली आणि बसायला दीडशे जागा असल्या, तर तिसऱ्या तुकडीला ताट मिळेपर्यंत सुट्टी संपलेली असते. चालत जाणे-येणे, हात धुणे, रांग यात पंधरा मिनिटे सहज जातात. पगारी सुट्टीचा कायदा यातले काय सुधारेल? रिलीव्हर वाढवा, तुकड्या पाडा, कँटीनची खिडकी वाढवा. माझा आग्रह त्यावर आहे.


आठवड्याचा_हिशेब

सुट्टीत काम झाले तर जादा कामाचे, म्हणजे ओव्हरटाइमचे, दुप्पट पैसे मिळतात असे समजून गप्प बसणारे बरेच असतात. हिशेब असा आहे.

रोज साडेआठ तास हजेरी आणि जेवणाच्या वेळेतही काम, म्हणजे रोज साडेआठ तास काम. मूळ कायद्यातली ९ तासांची रोजची मर्यादाही ओलांडली जात नाही, त्यामुळे रोजच्या हजेरीपत्रकात काही दिसत नाही. सहा दिवसांचा आठवडा असेल तर मात्र ५१ तास होतात, ४८ च्या वर ३ तास. दुप्पट दर १७५ रुपये, म्हणजे आठवड्याला ५२५ आणि २६ दिवसांच्या महिन्याला १३ तासांचे २,२७५ रुपये. तिमाहीत हे ३९ तास होतात आणि ते जादा कामाच्या मर्यादेत मोजले जायला हवेत. ती मर्यादा १२५ तासांची होती, नव्या बदलांत १४४. बहुतेक ठिकाणी हे तास मोजलेच जात नाहीत, त्यामुळे मर्यादा ओलांडल्याचेही कळत नाही.

पाच दिवसांचा आठवडा असलेल्यांची गोष्ट निराळी. साडेआठ गुणिले पाच, साडेबेचाळीस तास. ४८ च्या आत. त्यांची सुट्टी वर्षभर बुडाली तरी जादा कामाच्या नियमाने एक रुपया निघत नाही. कॉल सेंटर, बँकांची कंत्राटी कामे, रुग्णालयांची कार्यालये इथे हीच स्थिती असते. त्यांच्यासाठी आजच्या कायद्यात पैशाचा काहीच दट्ट्या नाही. म्हणून मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे.


बे_एरिया_मराठी

कॅलिफोर्नियात यावर वेगळा तोडगा आहे. तिथे जेवणाची सुट्टी बिनपगारीच आहे, पण बुडवली तर दंड कामगाराला मिळतो. ५ तासांपेक्षा जास्त काम असेल तर पाचवा तास संपायच्या आत ३० मिनिटांची सुट्टी सुरू व्हावी लागते, आणि त्या वेळेत कामातून पूर्ण मोकळीक हवी, आवाराबाहेर जायची मुभा हवी. ती दिली नाही तर त्या दिवसासाठी एक तासाचा जादा पगार. उशिरा दिली, तोकडी दिली तरी तोच एक तास. सहा तासांच्या आतली पाळी असेल तर दोघांच्या संमतीने सुट्टी सोडता येते.

एकट्याच पहारेकऱ्यासारखे काम असेल, जिथे जागा सोडणे शक्यच नाही, तिथे कामावरच जेवायचा लेखी करार करता येतो. मग ती वेळ पगारी, आणि कामगार तो करार केव्हाही मागे घेऊ शकतो.

२०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रिंकर खटल्यात सांगितले की मालकाने सुट्टी खरोखर उपलब्ध करून द्यायची. कामगार त्या वेळेत काम करतो का यावर पहारा ठेवायची गरज नाही. २०२१ च्या डोनोह्यू खटल्यात असे ठरले की जेवणाच्या नोंदींतली मिनिटे जवळच्या ठोक आकड्यात बदलून लिहिता येणार नाहीत, आणि नोंदींतच सुट्टी तोकडी दिसत असेल तर नियम मोडला असे प्रथम गृहीत धरले जाईल. हा दुसरा भाग फार उपयोगी आहे, कारण खुलासा करण्याची जबाबदारी मालकावर जाते.

महाराष्ट्रात हेच आणावे असे मला वाटते. सुट्टी बिनपगारी राहू द्या, बुडाली तर त्या दिवशी एक तासाचा पगार कामगाराच्या खात्यात. वरच्या उदाहरणात ८७.५० रुपये.


पाळीपत्रक

दंडाची कल्पना आवडली, पण त्याने माझी मागणी रद्द होत नाही. तिथे मालक घाबरतो, कारण शेकडो कामगारांच्या वतीने एकत्र दावा लागतो आणि वकील त्यासाठी उभे राहतात. इथे ८७.५० रुपयांसाठी एकटा सेल्समन कोणाकडे जाणार? हजेरीची वेळच ८ तास असली, तर सुट्टी बुडली तरी तो साडेआठ तास अडकत नाही. तक्रार न करताही हक्काचा निम्मा भाग पदरात पडतो.

‘दुकान_हिशेब’ यांची सूचना मला मान्य आहे. ‘पगारी’ या शब्दापेक्षा ‘विश्रांतीसह ८ तास’ हीच नेमकी मागणी.


कामगार_नोंदवही

पुराव्याशिवाय दोन्ही मार्ग अडतात, म्हणून थोडे त्याबद्दल.

हजेरीच्या बायोमेट्रिक यंत्रामागच्या सॉफ्टवेअरमध्ये जेवणाची ३० मिनिटे आपोआप वजा करण्याची सोय असते. माणूस सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदाच बोट लावतो. मधली वजाबाकी यंत्र करते. अशा नोंदीवरून सुट्टी मिळाली की नाही हे कळूच शकत नाही. पहिली मागणी हीच करा: जेवायला जाताना आणि परतताना वेगळी नोंद, आणि आपोआप वजावट बंद. यात मालकाचा खर्च शून्य आहे.

ते होत नसेल तर स्वतःची वही ठेवा. तारीख, जेवायला बसल्याची वेळ, कोणी उठवले, कशासाठी, परत बसता आले का. त्याच दिवशी लिहा. महिन्याने आठवून लिहिलेली वही टिकत नाही. बिलिंगच्या यंत्रावर प्रत्येकाचा लॉगिन असतो. दुपारी १.१२ ला तुमच्या लॉगिनने बिल निघाले असेल तर त्यापेक्षा चांगला पुरावा नाही. बिलाच्या क्रमांकाची नोंद पुरते. गिऱ्हाइकाच्या नावाचे बिल घरी नेऊ नका, त्यावरूनच तुमच्यावर कारवाई होऊ शकते. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘लगेच काउंटरवर ये’ असे निरोप येतात, ते जपून ठेवा. सीसीटीव्हीवर भरवसा ठेवू नका, चित्रण काही आठवड्यांत पुसले जाते.

दुकानांसाठी २०१७ च्या कायद्यात निरीक्षकाऐवजी सुविधाकार हे पद आहे. कारखान्यांसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. पगार कमी दिल्याचा दावा वेतन संहितेखाली ३ वर्षांच्या आत करता येतो, आणि तो युनियनलाही करता येतो. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. देणे चुकते केले हे मालकाने सिद्ध करायचे असते, आणि भरपाई दाव्याच्या रकमेच्या दहापटीपर्यंत देता येते. पण त्या अर्ध्या तासात काम केले होते, हे दाखवण्यासाठी वही लागतेच.

‘टीम लीडर’, ‘असिस्टंट मॅनेजर’ अशी पदे देऊन माणसाला कामगाराच्या व्याख्येबाहेर दाखवण्याचा प्रकार चालतो. नेमणूकपत्रातल्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय, हे महत्त्वाचे. कोणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही, दिवसभर काउंटरवर उभा आहे, तो व्यवस्थापक कसा?


शिफ्ट_प्लॅनर

वेगळ्या नोंदीच्या सूचनेला पूर्ण पाठिंबा. त्यातला धोका मात्र सांगतो. जेवणाच्या नोंदी सुरू झाल्या की ३४ मिनिटे झाली म्हणून चार मिनिटे कापणारे पर्यवेक्षक निघतात. गैरहजेरीची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणातच करता येते; ४ मिनिटांसाठी अर्धा दिवस कापणे बेकायदा आहे. नोंदी सुरू करतानाच पाच मिनिटांची सवलत स्थायी आदेशात (आस्थापनेच्या लेखी सेवानियमांत) किंवा करारात लिहून घ्या, आणि तोंडी आश्वासनावर थांबू नका.


पाच_तासांचा_नियम

कारखान्यांबद्दल एक गंभीर बाब राहिली. १९४८ च्या कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. संहितेच्या कलम २५ मध्ये दिवसाचे ८ तास लिहिले आहेत, पण मधली विश्रांती किती आणि केव्हा, हे सरकारने अधिसूचनेने ठरवायचे आहे. पूर्वी अर्धा तास आणि ५ तास हे दोन्ही आकडे संसदेने केलेल्या कायद्यात होते, आणि सूट द्यायची तरी सलग काम ६ तासांपुढे नेता येत नव्हते. आता ते आकडे बदलायला अधिसूचना पुरेल. पगारी-बिनपगारीचा निर्णय काहीही होवो, अर्धा तासच लहान होऊ नये यासाठी युनियनांनी प्रारूप नियमांवर लेखी हरकती नोंदवायला हव्यात. हरकतीत मागायचे काय? सलग ५ तास, किमान ३० मिनिटे, आणि ९ तासांपुढे काम गेले तर दुसरी सुट्टी.


दुकान_हिशेब

हरकतीत आणखी एक ओळ घाला: दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांनाही अर्धा तास विश्रांतीची अट लागू करावी. बाकीच्या नोंदवह्या आणि विवरणपत्रे नकोत, ती छोट्या दुकानदाराला झेपत नाहीत. फक्त एवढी एकच अट. यात खर्च नाही, दोन माणसांनी आलटून-पालटून जेवायचे असते. पगारी करण्याला माझा विरोध कायम आहे, पण डबा खायला अर्धा तास न देणाऱ्या दुकानाची बाजू मी घेणार नाही.


पाळीपत्रक

ही ओळ घालू. एकट्या माणसाच्या दुकानाचे आणि रात्रीच्या एकट्या पहारेकऱ्याचे काय करायचे ते मात्र ठरले नाही. तिथे आलटून-पालटून होत नाही आणि रिलीव्हरही मिळत नाही. निदान त्यांच्यासाठी तरी जेवणाची वेळ पगारी धरण्याला कोणाचा विरोध आहे का, आणि असेल तर कोणत्या कारणाने, ते लिहा.